निपाणीच्या डब्यातली तिकिटं आणि बॉलपेनची शाई

निपाणीला तंबाखूच्या एका जुन्या वखारीची जागा मोकळी करताना तात्यांना बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. तात्या म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा, आणि वखार त्यांच्या दोस्ताची. डब्यात पोस्टाची सुटी तिकिटं, तळाला दोऱ्यानं बांधलेली पावत्यांची चळत. "रद्दीत घालाल्ते गं, म्हटलं तुझ्या कामाचं हाय," असं म्हणत त्यांनी डबा बेळगावला, टिळकवाडीतल्या माझ्या घरी आणून दिला.

माल चांगला होता आणि त्याची दशा वाईट होती. त्या घरातल्या कुणा पोरानं कधीतरी सगळ्या तिकिटांना नंबर दिले होते, तेही बॉलपेननं. नंबरांची वही अर्थातच गायब. बहुतेक आकडे पाठीवर, पण काही थेट तोंडावर. १ ऑक्टोबर १९५२ ला निघालेला संतकवींचा संच पूर्ण होता: कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर. त्यातल्या मीरेच्या डोक्याशी निळा ४७. १९४८च्या गांधींच्या दीड आण्यावर मास्तरांनी करावी तशी बरोबरची खूण. शिवाय पाठीवर जांभळ्या रबरी शिक्क्यात मालकाचं नाव, पेन्सिलीनं लिहिलेल्या किमती, आणि एका गठ्ठ्यावर कधीतरी दौत लवंडल्याचे डाग.

तिकिटं जमवणारी माणसं "शाई कशानं जाते?" असा एकच प्रश्न विचारतात आणि त्याला एकच उत्तर हवं असतं. कुणी सॅनिटायझर सांगतं, कुणी नेलपॉलिश रिमूव्हर, कुणी डाग काढायची पावडर. मी हे काम करताना डोक्यात तीन प्रश्न ठेवते. ही शाई कुणी लावली? ती कसली आहे? आणि तिकीट स्वतः कसल्या शाईत छापलंय? पहिल्याचं उत्तर मिळालं की निम्मी तिकिटं बाजूलाच होतात, त्यांना हातसुद्धा लावायचा नसतो.

पावत्यांची चळत तशी बाजूला झाली. तिच्यात एक आण्याची तिकिटं होती, एडवर्ड सातवा आणि जॉर्ज पाचवा यांची, आणि त्यांच्यावरून आडव्यातिडव्या सह्या. १८९९च्या मुद्रांक कायद्याप्रमाणे वीस रुपयांवरच्या पावतीला एक आण्याचं तिकीट लागायचं. १९०६ पासून अर्ध्या आणि एक आण्याच्या टपाल तिकिटावरच 'पोस्टेज अँड रेव्हेन्यू' छापलेलं असायचं, म्हणजे तेच तिकीट पत्रालाही चाले आणि पावतीलाही. मात्र ते परत वापरता येऊ नये म्हणून पावती देणाऱ्यानं त्याच्यावर नाव किंवा आद्याक्षरं आणि तारीख घालून ते रद्द करायचं, असं त्याच कायद्यात सांगितलंय. तेव्हा ती सही हा तिकिटावर पडलेला डाग नव्हे, त्याचा शिक्का आहे.

तात्यांना हे पटेना. "सही बिही धुऊन टाक की. कोरं तिकीट जास्त पैशाला जातंय."

"तात्या, सही काढून कोरं म्हणून विकलं तर ती फसवणूक झाली. आणि ही सही मोडीत आहे हो. हिच्यामुळंच तर कागदाला किंमत आहे."

मी मोडी अडखळत वाचते, पण 'दस्तुर खुद्द', म्हणजे 'स्वतःच्या हातचं', ओळखू आलं. तेव्हाच्या चिकोडी तालुक्यातल्या निपाणीचा व्यापारी, तंबाखूचा हिशेब, खाली इंग्रज राजाचं तोंड आणि त्याच्या गालावरून गेलेली मोडी सही. अशा कागदावरून तिकीट सोडवायचंसुद्धा नाही. अख्खा कागद ठेवायचा. चळतीत शहापूरच्या एका अर्जाची नक्कलही निघाली. शहापूर आज बेळगाव शहरात मिसळून गेलंय, पण तेव्हा ते सांगली संस्थानात होतं. त्यामुळं नकलेवर सांगली संस्थानचं कोर्ट फीचं तिकीट. रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं, हे आमच्या सीमाभागातल्या माणसाला नवं नाही. तसंही काजळीच्या शाईतल्या या सह्या काढायच्या म्हटल्या तरी निघाल्या नसत्या. काजळीची शाई म्हणजे नुसता कोळसा. तो पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये नाही, ब्लीचनं पांढरा होत नाही. तो काढायला कागदच खरवडावा लागतो.

दुसरा ढीग पोस्टमनच्या पेनाचा. ऑफिसात शिक्का बसायचा राहिला की वाटताना पोस्टमन तिकिटावर बॉलपेननं फुली मारतात. नव्या सुंदर तिकिटावर ती पाहून माझाही जीव जळतो. पण सरकारी तिकीट वापरल्याची खूण फसवणुकीच्या हेतूनं पुसणं हा जुन्या दंड संहितेच्या कलम २६३ खाली गुन्हा होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तो आहे. माझा हेतू तसा नसला तरी पुसलेलं तिकीट उद्या कुणाच्या हातात जाईल ते मी कसं सांगू? ही तिकिटं फुलीसकट अल्बममध्ये जातात किंवा पोरांना वाटली जातात.

उरली ती नंतर कुणीतरी घाण केलेली. खरं काम त्यांचं.

भिंगाखाली शाई बऱ्यापैकी बोलते. बॉलपेनच्या रेघेला खाच असते, कडा गडद आणि मध्ये फिकट, वळणावर गोळी साचलेली. फाउंटन पेनची शाई कागदाच्या तंतूंत फुटलेली दिसते. जेल पेनची रेघ सपाट, एकसारखी. पेन्सिल तिरप्या उजेडात चमकते, मात्र तिच्यात एक मेख आहे. जुन्या हिशेबनिसांकडं कॉपिंग पेन्सिल असायची. ती कोरडी असताना साधी करडी दिसते आणि पाणी लागलं की गर्द जांभळी होते, कारण तिच्यात ग्राफाइटबरोबर रंग मिसळलेला असतो. म्हणून पेन्सिलीचा कुठलाही आकडा दिसला की आधी त्याच्या टोकाला ओल्या ब्रशचा एक केस टेकवायचा. जांभळं झालं तर ते तिकीट पाण्यात घालायचंच नाही. साधी पेन्सिल निघाली तर मऊ रबरानं, एकाच दिशेनं, कडेकडे न ओढता पुसायची, आणि हे सगळ्यात आधी उरकायचं. ओल्या कागदावर रबर चाललं तर कागदाचा थर निघतो.

बॉलपेनची शाई पाण्यात जात नाही, अल्कोहोलमध्ये जाते. मेडिकलमध्ये मिळतं त्या स्पिरिटात बरंच पाणी असतं. सॅनिटायझरमध्ये पाणीही असतं आणि जेल घट्ट करायचे पदार्थही, ते कागदात बसतात. मला हवं होतं जवळजवळ निव्वळ आयसोप्रोपाइल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. ते मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडं असतं, सर्किट पुसायला. खडेबाजारात ओळखीच्या पोराकडं गेले.

"आक्का, आयपीए घेऊन काय करालाय? घरात दुकान घालालाय काय?"

"तिकिटं धुवायचीत."

"रेल्वेची?"

त्याला मोबाईलवर मीरेचा फोटो दाखवला तेव्हा त्यानं छोटी बाटली भरून दिली, पैसे घेतले नाहीत आणि वर बजावलं, "गॅसजवळ नको हं." बरोबरच बोलला. हे काम मी स्वयंपाकघरात करत नाही. मागच्या दाराशी, वारा येतो तिथं.

तिकीट छापलेली शाई अल्कोहोलला टिकते का, हे त्याच जातीच्या फाटक्या तिकिटावरच कळतं. जुन्या लेटरप्रेस आणि खोदीव छपाईच्या तिकिटांची शाई तेलाची, वाळून घट्ट झालेली, ती सहसा दाद देत नाही. १९५२ चा संतकवींचा संच मात्र नाशिकच्या प्रेसनं फोटोग्रॅव्ह्यूरमध्ये, म्हणजे फोटोवरून कोरलेल्या साच्यानं छापलेला. आपल्याकडं या पद्धतीनं छापलेली ही पहिली तिकिटं. गांधींची १९४८ ची तिकिटंही फोटोग्रॅव्ह्यूरचीच, स्वित्झर्लंडला छापून आणलेली. फोटोग्रॅव्ह्यूरची शाई काही द्रवांत सुटते, म्हणून इथं हात आखडता. सुदैवानं डब्यात तुलसीदासांच्या एक आण्याच्या कितीतरी जोड्या होत्या, त्यातलं दात तुटलेलं एक घेतलं. अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस त्याच्या कडेला टेकवून ठेवला आणि उचलून पांढऱ्या कागदावर दाबला. कापसावर रंग आला नाही. मग तेच तिकीट पूर्ण बुडवून ठेवलं, वाळवलं, न बुडवलेल्या भावाशेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात पाहिलं. फरक नव्हता. गांधींची जोडी नव्हती, तेव्हा त्या बरोबरच्या खुणेला मी अजून हात लावलेला नाही.

ब्रिटिश वसाहतींची जुनी जांभळी-हिरवी तिकिटं कुणाकडं असतील तर त्यांनी पाण्याचाही विचार करू नये. शिक्का धुऊन तिकीट परत वापरणाऱ्यांना आवर घालायला लंडनच्या डी ला रू कंपनीनं मुद्दाम कच्च्या शाया वापरल्या होत्या. धुणारा शिक्का काढायला जातो आणि तिकिटाचाच रंग उतरतो. छापणाऱ्यानं आपल्यासारख्यांसाठीच सापळा लावून ठेवलाय म्हणा.

आता प्रत्यक्ष कृती. आकड्यावर तेवढाच कापूस फिरवायचा मोह होतो, तो टाळायचा. थेंब पडतो तिथली शाई विरघळते, बाहेरच्या कोरड्या कागदाकडं पळते आणि ओलाव्याच्या कडेला जाऊन थांबते. पांढऱ्या शर्टावर चहा सांडल्यावर कडेनं गोल उरतो ना, तसा निळा गोल तयार होतो. तो मूळच्या आकड्यापेक्षा हट्टी. त्यापेक्षा काचेच्या उथळ डबीत अल्कोहोल घेऊन तिकीट अख्खं बुडवायचं. सुटलेली शाई मग कागदात न पळता द्रवात उतरते. डबीवर झाकण, कारण हे भराभर उडतं. थोड्या वेळानं द्रवाला निळसर झाक आली की तिकीट चिमट्यानं उचलून दुसऱ्या डबीतल्या ताज्या अल्कोहोलमध्ये. झाक यायची थांबेपर्यंत हेच. घासायचं कुठंच नाही. शेवटी हट्टी गोळी उरली असेल तर तिकीट ओलं असतानाच टिपकागदावर, शाईची बाजू खाली करून ठेवायचं आणि वरच्या बाजूनं बारीक ब्रशानं थेंब सोडायचा. शाई खाली टिपकागदात जाते. प्रत्येक थेंबाला टिपकागदाची जागा बदलायची, नाहीतर आपणच ती परत वर ओढून घेतो.

मीरेचा ४७ असा गेला. अगदी पूर्ण गेला असं म्हणणार नाही. रंग गेला, पण टेबललॅम्प आडवा धरला की चार आणि सात अजून वाचता येतात, कारण पोरानं पेन दाबून लिहिलं होतं. ती खाच काढायला तिकीट ओलं करून दाबणारे आहेत. मी केलं नाही. तंतू एकदा दबले ते दबले, आणि इस्त्री केल्यासारखं तिकीट जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

काही आकडे अल्कोहोलला अजिबात बधले नाहीत, फक्त जरा फिके झाले. बॉलपेनची शाई जुनी झाली की तिच्यातली राळ कडक होते. जितकी वर्षं, तितका हट्ट. आणि जेल पेननं लिहिलेल्या दोन-चार तिकिटांवर तर काहीच फरक पडला नाही. तिथं रंग विरघळलेला नसतो, बारीक कणांच्या रूपात बसलेला असतो. ती मी तशीच परत डब्यात टाकली.

डिंकाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. कोऱ्या तिकिटाची निम्मी किंमत त्याच्या पाठीवरच्या डिंकात असते. जुना डिंक बाभळीच्या जातीचा, निव्वळ अल्कोहोलमध्ये तो विरघळत नाही, पण पाण्याचा अंश असला की लगेच चिकट होतो. म्हणून मेडिकलचं स्पिरिट कोऱ्या तिकिटाला चालत नाही. आमच्याकडं तर पावसाळ्यात बाटली उघडी राहिली की अल्कोहोल हवेतलं पाणी ओढून घेतं. जून ते सप्टेंबर बेळगावात हे काम करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. टिपकागदच दमट असतो, तिकीट वाळत नाही, वजनाखाली ठेवलं तर बुरशीचे ठिपके येतात. खानापूरकडच्या माणसानं ऑक्टोबरसुद्धा सोडून द्यावा. मी थंडी पडल्यावर बसते, आणि तरीही टिपकागद आधी इस्त्रीनं कोरडा करून घेते.

दौतीचे डाग सोपे निघाले. ती वापरलेली तिकिटं होती, म्हणजे डिंकाची काळजी नव्हती. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं. कॉर्पोरेशनच्या नळाचं पाणीही चाललं असतं, पण बोअरच्या जड पाण्यानं कागदावर पांढरट राप बसतो. गार पाण्यावर तिकीट तरंगत सोडलं आणि निळी शाई खाली दोऱ्यासारखी उतरत गेली. गरम पाणी घ्यायचं नाही, कागद फुगतो. निळ्या-काळ्या 'परमनंट' शाईचे डाग मात्र अर्धेच गेले. तिच्यातला निळा रंग पाण्यात गेला आणि लोखंडाचा करडा-तपकिरी भाग कागदात राहिला. तो ऑक्झॅलिक ॲसिडनं जातो. जुन्या कारकुनांच्या टेबलावर इंक रिमूव्हरच्या बाटल्या असत, त्याही असल्याच जहाल. मी दोन्ही वापरत नाही. डाग जातो, पण आम्ल कागदात राहतं आणि काही वर्षांनी तेवढाच भाग ठिसूळ होऊन तुकडा पडतो. ब्लीचचंही तेच. शिवाय हे लपत नाही. नोटा तपासायचा जांभळा दिवा दुकानात मिळतो, त्याच्याखाली ब्लीच केलेली जागा उरलेल्या कागदापेक्षा वेगळी दिसते. धुण्याच्या पावडरीतली चकाकी तर त्या दिव्याखाली निळीशार पेटते. असलं तिकीट प्रदर्शनात लावलं आणि परीक्षकानं दिवा धरला की संपलं.

हायड्रोजन पेरॉक्साइडनं शाई जाते असंही ऐकवतात. बॉलपेनवर त्याचा मला उपयोग दिसला नाही. त्याचं काम वेगळं आहे. नारिंगी-लाल तिकिटं हवेतल्या गंधकानं काळवंडतात, कारण शाईतल्या शिशाचं काळं सल्फाइड होतं. पेरॉक्साइड त्याचं पांढरं सल्फेट करतं आणि मूळ रंग परत दिसतो. डब्यात तसलं एकही नव्हतं, तेव्हा ते प्रकरण इथंच.

सगळ्यात जास्त छळलं जांभळ्या रबरी शिक्क्यानं. १९४९च्या सहा आण्यावर विजापूरचा गोलघुमट आहे, आपल्या बाजूचं म्हणून मला तो विशेष प्रिय, आणि नेमक्या त्याच्या पाठीवर मालकाचं नाव. शिक्क्याच्या पॅडची शाई म्हणजे मिथाइल व्हायलेटसारखा रंग, पाण्यातही सुटतो आणि अल्कोहोलमध्येही, आणि एवढासा असला तरी डबीभर द्रव जांभळा करतो. खरी भीती हीच, की काढता काढता सगळं तिकीट फिकट जांभळं रंगेल. आधी एका फाटक्या तिकिटावर केलं. बुडवल्यावर क्षणात रंग सुटला, आणि तिकीट त्यातच राहू दिलं तेव्हा पांढऱ्या कडेला फिकट जांभळी छटा बसली. त्यावरून ठरवलं, की जांभळ्याला डबी मोठी, द्रव भरपूर, तिकीट एकच, आणि रंग दिसताक्षणी दुसऱ्या डबीत. अल्कोहोल पाण्यासारखं खर्च झालं. नावातली अक्षरं वाचता येईनाशी झाली, पाठीवर पुसट सावली राहिली, आणि तिथं मी थांबले. पुढून बघितलं तर गोलघुमट स्वच्छ आहे. आणखी ओढलं असतं तर सावली गेली असती की पुढची छपाई, हे सांगता येत नाही.

वाळवताना तिकिटं दोन टिपकागदांत, वर काच, काचेवर जाड पुस्तक. वाळलेल्या प्रत्येकाच्या खाली अल्बमच्या पानावर मी पेन्सिलीनं लिहून ठेवलं: 'मागचा बॉलपेन काढला, खाच आहे', 'मागे जांभळी सावली'. तात्या म्हणाले, "असं लिवलीस तर कोण घेणार?"

कोल्हापूरच्या एका जमवणाऱ्यानं संतकवींचा संच घेतला. भिंग लावून मीरेवरची खाच बघितली, माझी नोंद वाचली, आणि भाव उतरवून मागितला. थोडं मी सोडलं, थोडं त्यांनी. गोलघुमट विकायला नव्हताच. जाताना त्यांनी पिशवीतून जेल पेननं अंक टाकलेली तिकिटं काढली, "एवढी करून द्या की ताई, पैसे घ्या." मी नाही म्हटलं. ते म्हणे, पुण्यात एकजण करून देतो. द्या म्हटलं त्याला, पण आधी फाटक्यावर करून दाखव म्हणावं, आणि जांभळ्या दिव्याखाली तुम्ही स्वतः बघा.